उत्तमरावांचा चौकोन

१२ फेब्रुवारी २००३, बुधवार

आज हिंगोलीला प्रशिक्षण होतं. आम्ही तालुक्यातल्या सहा नर्सा. रक्ताचा कॅन्सर एकाच घरात दोघा-तिघांना का होतो, तो पिढीतून येतो की पाण्यातून, औषधांतून, याचा अभ्यास निघालाय. मोठ्या शहरातून डॉ. वैष्णवी पोतनीस आल्या होत्या. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण बोलण्यात तोरा नाही. प्रत्येक घराचं झाड काढायचं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. आजार झाला असेल तर आतून काळा करायचा.

दोन गोष्टी त्यांनी तीन-तीनदा सांगितल्या. घरात ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. आणि लोकांना विचारण्याआधी स्वतःच्या घराचं झाड काढून बघायचं, म्हणजे समोरच्याला काय वाटतं ते कळतं.

मी काढलं. थोरले दीर उत्तमराव, मृत्यू १९९१, वय एकोणचाळीस. कारणाच्या रकान्यात टायफॉईड लिहिलं आणि चौकोन पांढराच ठेवला. बारा वर्षं सगळ्यांना तेच सांगत आलोय, हात आपोआप चालला. डॉक्टरबाईंनी माझा कागद वर धरून सगळ्यांना दाखवला. म्हणाल्या, बघा, किती स्वच्छ काढलंय. मी आपली हसले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पहिलं घर संपतरावांचं. सिद्धेश्वरच्या धरणामागे वस्ती आहे, थोडी शेती आणि सत्तर-ऐंशी मेंढरं. आमच्याच समाजाचे, म्हणून दारातून आत घेतलं, नाहीतर कॅन्सर म्हटल्यावर लोक पाणीसुद्धा विचारत नाहीत.

चंद्रभागावैनींना विचारायला गेले तर पंचाईत. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं नाही, दिराचं नाही. सगळं झाड "ह्यांचे", "थोरले", "त्ये गेलेले" असं उभं राहिलं. शेवटी त्यांची राधिका पुढे झाली आणि घडाघडा नावं सांगितली. बारावी झालीय, अक्षर माझ्याहून चांगलं. आईला म्हणाली, "आये, तू अशी सांगत बसली तर मावशीला इथंच मुक्काम पडंल."

चौकोन दोन काळे झाले. संपतरावांचे वडील, त्यांचं "रक्त नासलं" म्हणत होते. आणि धाकटा भाऊ संतराम, शहाण्णव साली गेला, त्याचे दवाखान्याचे कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेत. संतरामची बायको गयाबाई याच घरात राहते. कागद तिनेच काढून दिले आणि मी वाचत होते तोवर पदराने पेटी पुसत बसली.

मग औषधांचे प्रश्न. मेंढरांच्या गोचिडांचं औषध ड्रममध्ये कसं कालवता? संपतराव म्हणाले, "हातानंच की. काठीनं बराबर कालत न्हाई. संतरामचा हात तर कोपरापर्यंत पांढरा व्हायचा." ते औषध काय होतं हे आता कुणालाच आठवत नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "नर्सबाई, हे लिवलेलं कुठं कुठं जाईन? घरात पोरगी लग्नाची हाय."

मी म्हटलं, "माझ्या पिशवीत आणि डॉक्टरांकडं. तिसऱ्याला नाही."

त्यांनी देवळीतला भंडारा आणला. मी कपाळाला लावला. आमच्यात याहून मोठी शपथ नाही.

२३ मार्च, रविवार

वसमतहून सखुआक्का आल्या होत्या. माझी थोरली जाऊ, उत्तमरावांची विधवा. परमेश्वरसाठी स्थळ बघतायत. तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर लागलाय, पोरगा गरीब आणि देखणा, बापावर गेलाय. बोलता बोलता म्हणाल्या, "धरणामागचे संपतराव हायत बघ, त्यांची राधिका. पोरगी बघून आलो. पोऱ्याला पसंद हाय, मला पसंद हाय. तू तिकडं जाऊन राहिली, घर कसं हाय सांग."

मी चहा गाळत होते. म्हटलं, "घर चांगलं आहे." मग जरा थांबून म्हटलं, "पण आक्का, तुमचं तुम्ही बघा."

आमच्याकडे सोयरिकीच्या चौकशीला कुणी कुणाची वाईट गोष्ट सांगत नाही. एवढंच म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला कळतं. आक्कांनी कप खाली ठेवला. का, काय, एक शब्द विचारला नाही. विचारत नसतात.

मी आजाराचा शब्दही काढला नाही. शपथ मोडली असं म्हणता येणार नाही. आणि मी गप्प बसले असते तर? त्या घरात दोन गेलेत, आमच्या घरात उत्तमराव. दोन्हीकडून आलेलं लेकरांच्या अंगात भेटलं तर उद्या मलाच रडावं लागलं असतं. मी पोरांचा विचार केला. दुसरं कोण करणार होतं?

५ एप्रिल, शनिवार

पत्रिका जुळत नाही असा निरोप गेला म्हणे. आक्कांनी परमेश्वरला पण तेच सांगितलं. तो दोन दिवस जेवला नाही. होईल ठीक, वय आहे.

१९ एप्रिल, शनिवार

उरलेले प्रश्न विचारायला संपतरावांकडे जावंच लागलं. आठ दिवस टाळत होते.

राधिकाने पाणी दिलं, पण बसली नाही. चंद्रभागावैनी म्हणाल्या, "पत्रिका काय न्हाई. कोनीतरी बोललं. त्येच्या मागून कळमनुरीकडचे येनार व्हते, त्ये बी फिरकले न्हाईत. रक्ताच्या रोगाचं घर म्हनून राहिले लोक." आक्कांनी माझ्यानंतर आणखी कुणाकुणाला विचारलं असणार, आणि पेटीतल्या कागदांची गोष्ट कुणाच्या ना कुणाच्या कानावर असतेच. पण आधी त्यांना शंका कुणी दिली, ते मला ठाऊक आहे.

मी विचारलं, "कोण बोललं असेल?"

वैनींनी मागच्या छपराकडे मान केली. तिथे गयाबाई एकटीच चूल पेटवत होती. कागद तिच्याकडे, माहेर वसमतकडचं, तिनेच तिकडे तोंड उघडलं असं सगळ्यांनी ठरवलंय. पंधरा दिवसांत तिची चूल वेगळी केली. तिच्याशी कुणी बोलत नाही. वैनी म्हणाल्या, "सात वर्सं लेकीवानी ठेवली."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं काय, तर "चहात साखर जरा कमी घाला." चहा घेतला. प्रश्न विचारले. विहीर किती खोल, फवारणीचा पंप कुठे ठेवता, धान्यात कोणती पावडर घालता. गयाबाईकडे न बघता निघाले. बसमध्ये मला स्वतःची किळस आली.

१४ मे, बुधवार

हिंगोलीला आढावा. सगळ्यांचं आटपल्यावर मी डॉ. पोतनीसांना हळूच विचारलं, "बाई, दोन्ही घरांत हा आजार असेल आणि त्यांच्यात लग्न झालं तर?"

त्या म्हणाल्या, "मालनबाई, हे आजार बहुतेक असे सरळ वारशाने उतरत नाहीत. घरात कुणाला असेल तर बाकीच्यांचा धोका थोडा वाढतो, कधी तोही नाही. घरात सगळे एकच पाणी पितात, एकच औषध हाताळतात, म्हणून तर आपण दोन्ही विचारतोय. उत्तर अजून माझ्याकडेही नाही. पण यावरून कुणी लग्न मोडू नये, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन." मग माझ्याकडे बघून विचारलं, "कुणी मोडलं का?"

"नाही हो. सहज विचारलं."

दिवसभरात खोटं बोलायची ही दुसरी वेळ. पहिली सकाळची. कुणाच्या घरी अडचण आली का असं त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं.

२ जून, सोमवार

संपतरावांचा थोरला, प्रभू, मेंढरं घेऊन बाहेर होता तो परत आलाय. चोवीस वर्षांचा गडी, ओळखू येईना. गळ्याची हाडं वर आलीत. दोन भाकरीनेच पोट भरतं म्हणाला, डाव्या बाजूला जड लागतं. मी आडवं करून पोट चाचपलं. डाव्या बरगडीखाली हाताला घट्ट गोळा लागला, पार बेंबीपर्यंत. पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय. वीस वर्षं नर्स आहे, हे कशाचं लक्षण ते लगेच कळलं.

संपतरावांना बाजूला घेऊन सांगितलं, नांदेडला न्या, रक्त तपासा, उद्याच.

"न्हाई."

"दादा, पोराचा जीव आहे."

"माला कळत न्हाई का? पर एकदा कागद झाला की गावभर व्हतंय. नुस्त्या बोलन्यानं पोरीचं मोडलं, कागद झाला तर तिला कोन करंल? दिवाळीनंतर तिचं उरकू द्या, मंग ह्याला कुठं न्यायचं तिथं नेतो."

"दिवाळीपर्यंत हा..."

"तुमी कुनाला बोलू नका म्हंजे झालं," ते म्हणाले. अजून त्यांचा माझ्यावर भरवसा आहे.

८ जून, रविवार

सहा दिवस झाले. दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा तेच उत्तर. प्रभूने तर मला बघून मेंढरांकडे वाट धरली.

आज यांना सगळं सांगितलं. एकदम उसळले. "मेलेल्या माणसाला काहून उकरून राहिली? ताईच्या सासरी कळलं तर?" यांची बहीण, ब्याण्णवला तिचं लग्न झालं. ते जमायचं होतं म्हणून उत्तमराव गेले तेव्हाच औरंगाबादच्या दवाखान्याचे कागद यांनी चुलीत घातले होते आणि टायफॉईड ठरलं होतं. आक्का तेव्हा गावाकडे लेकरं सांभाळत होत्या, दवाखान्यात आम्ही दोघंच. आक्कांनासुद्धा सांगितलं नाही. त्यांच्या तोंडात राहणार नाही, असं हे म्हणाले आणि मी मान हलवली. उत्तमराव कशाने गेले हे त्यांच्या बायकोला बारा वर्षं माहीत नाही. मी हे कधी असं लिहून बघितलं नव्हतं.

आणखी एक आज कळलं, तेही लिहून टाकते. मार्चमध्ये मी पोरांचा विचार केला असं इथेच लिहिलंय. तो विचार पोरांचा नव्हता. सोयरीक झाली असती तर संपतराव कधीतरी विचारणार होते, जावयाचे वडील कशाने गेले. त्यांनी स्वतःची पेटी माझ्यापुढे उघडली होती, माझीही त्यांनी उघडायला लावली असती. मी माझं खोटं वाचवलं. पोरगी त्यात गेली, गयाबाई गेली, आता प्रभू जाईल.

१० जून, मंगळवार

सकाळीच गेले. घरातले सगळे जमेपर्यंत थांबले. गयाबाईला मी स्वतः मागून बोलावून आणलं, ती उंबऱ्याशीच उभी राहिली.

बसल्या बसल्या सांगून टाकलं. बोलणारी मी. आक्कांना "तुमचं तुम्ही बघा" मी म्हटलं. गयाबाईचा काही संबंध नाही. आणि आमच्या उत्तमरावांना हाच आजार होता, तो मी कागदावरसुद्धा लपवला.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. चंद्रभागावैनी म्हणाल्या, "तुमच्या घरात असून आमच्या पोरीला नाव ठिवलं?" मग गयाबाईकडे बघून त्यांना रडू फुटलं. गयाबाई रडली नाही. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

मला वाटलं, आता भरपाई करावी. म्हटलं, "मी आक्कांना सांगते. परमेश्वरला अजून पसंत आहे. सोयरीक परत जुळवून देते."

राधिका दारातून म्हणाली, "मावशी, ते राहू द्या. तुमच्या घरात आले तर रोज तुमचं तोंड बघावं लागंल."

तिच्या आईने तिला दटावलं. उगाच दटावलं.

शेवटी संपतराव बोलले. "तुमच्या जावंला हे ठाऊक हाय?"

"नाही."

"तिचाच मालक, अन् तिलाच ठाऊक न्हाई?" मग म्हणाले, "बाई, तुमी आमाला सांगता, कागद करा, लपवू नका. आदी तिला सांगून या. तुमच्या घरात सांगनं झालं की मी पोराला नेतो. तवर न्हाई."

कपाळाला लावलेल्या त्या भंडाऱ्याचा विषय कुणी काढला नाही. तेवढी लाज त्यांनी माझी राखली.

१४ जून, शनिवार

वसमत. परमेश्वर कामावर होता. आक्का पीठ चाळत होत्या. मी सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. औरंगाबादचे पंधरा दिवस, डॉक्टर काय म्हणाले ते, कागद जाळले ते, संपतरावांचं घर, प्रभू.

त्यांनी चाळणी थांबवली नाही. सगळं ऐकल्यावर एवढंच विचारलं, "त्यो पोरगा कधी जाऊन राहिला नांदेडला?"

"मंगळवारी. तुम्हाला सांगितलं की नेणार आहेत."

"बरं," म्हणाल्या आणि परात घेऊन आत गेल्या. मला जेव म्हणाल्या नाहीत. या घरातून पहिल्यांदा मी उपाशी परतले.

१७ जून, मंगळवार

औंढ्याहून नांदेडची एसटी. प्रभू, संपतराव, चंद्रभागावैनी आणि मी. वसमतला गाडी थांबली तर स्टँडवर आक्का उभ्या, हातात भाकरीचं गाठोडं. चढल्या. मी जागा दिली तर मला ओलांडून वैनींच्या शेजारी जाऊन बसल्या. गाडीत संपतरावांच्या गावची चार-पाच माणसं होती. आक्का वैनींना म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आधीच दणदणीत, "माझ्या मालकाला बी हेच झालं व्हतं. रक्ताचा कॅन्सर. मला चार दिवसामागं कळलं. तुमी लेकराला घेऊन चालल्या हे लई चांगलं केलं. माझ्याच्यानं झालं न्हाई."

गाडीतली सगळी माणसं वळून बघायला लागली. आक्कांनी गाठोडं सोडून प्रभूपुढे भाकर धरली.

रक्तात पांढऱ्या पेशी भयंकर निघाल्या. हाडातला मगज काढून तपासायला दिलाय. आठवड्याने बोलावलंय.

२४ जून, मंगळवार

रिपोर्ट आला. आहे तोच आहे. पण त्यातला हळू वाढणारा प्रकार आहे आणि त्यावर आता गोळी निघालीय. अर्ज करून मिळवावी लागते, तो डॉ. पोतनीस बघतायत. मी त्यांना फोनवर माझ्या घराच्या कागदाचं आणि बाकीचंही सगळं सांगितलं. त्यांनी मला अभ्यासातून काढलं. "मालनबाई, मला दुसरं काही करता येणार नाही," म्हणाल्या, आणि मला ते बरोबर वाटलं. उत्तमरावांचा चौकोन काळा करून कागद मी पाठवून दिलाय. ते हिवतापाच्या फवारणीवर होते, वर्षातले आठ महिने पाठीवर पंप, हे पण लिहिलं. त्याने झालं का, कुणास ठाऊक. निदान विचारणाऱ्याला विचारता येईल.

संपतरावांनी डॉक्टरांना विचारलं, "पोरगं जगंल का?" डॉक्टर म्हणाले, गोळी चुकवली नाही तर आशा ठेवायला जागा आहे. गयाबाईची चूल परत आत आलीय, असं वैनी मला नाही, आक्कांना सांगत होत्या.

लिहायचं ते पुढेच आहे.

प्रभूला आत बोलावण्याआधी आक्का आणि मी नांदेडच्या दवाखान्यात बाहेर बाकावर बसलो होतो. दहा दिवसांत आक्का माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आज समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मालन, हे गेले तवा मी तुला इचारलं व्हतं, टायफॉईड कशानं व्हतो."

मला आठवेना.

"तू म्हनली, घान पान्यानं. तू नर्स, तुला ठाऊकच असनार. त्या सालात आड आटला व्हता. वढ्यातल्या झिऱ्याचं पानी मीच आनायची. हे म्हनले व्हते, गढूळ हाय, आनू नको. मी म्हनलं, फडक्यानं गाळून घेते, काही व्हत न्हाई."

त्या अजून भिंतीकडेच बघत होत्या.

"बारा वर्सं मला वाटून राहिलं, मीच मारलं. परमेश्वर बापाचं नाव काढायचा तर मी उठून जायची. मंग पान्यानं न्हाई ना झालं?"

"नाही आक्का. पाण्याने नाही."

"नक्की?"

"नक्की."

"पुन्यांदा म्हन."

मी पुन्हा म्हटलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, अजून एकदा म्हणायला लावणार होत्या, तेवढ्यात आतून प्रभूचं नाव पुकारलं आणि आम्ही दोघी उठलो.